पदक नाही, तरी गोष्ट आहे: मोहीची ललिता बाबर

मागच्या भागानंतर म्हसवडहून एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. ती ज्युदो शिकते. तिचा प्रश्न साधा होता: "ज्युदोत ऑलिम्पिक पदक आणलेली आपल्याकडची कोण आहे? तिच्यावर एक भाग करा ना."

खरं सांगते, उत्तर देताना मी जरा अडखळले. कारण ज्युदोत भारताला अजून एकही ऑलिम्पिक पदक मिळालेलं नाही. ना मुलींना, ना मुलांना. सातारा जिल्ह्याच्या नावावर ऑलिम्पिक पदक आहे, पण ते कुस्तीतलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, हेलसिंकी, 1952, कांस्य. मग म्हसवडच्या या मुलीला मी कोणाची गोष्ट सांगू?

तिच्याच माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरची सांगते.

माण म्हणजे काय, हे तिकडच्यांना सांगायला नको. माणगंगा नावाला नदी, बाकी पावसाची वाट बघायची. दुष्काळात टँकर आणि चारा छावण्या. अशा भागात 1989 साली ललिता जन्मली. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. पुढे ती लांब पल्ल्याची धावपटू झाली आणि 2014 मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तिसऱ्यांदा पहिली आली.

इथंच थांबली असती तरी नाव झालंच असतं. पण तिनं वेगळाच निर्णय घेतला. 42 किलोमीटरची शर्यत सोडून ती 3000 मीटर स्टीपलचेजकडे वळली. यात साडेसात फेऱ्यांच्या आसपास धावायचं आणि वाटेत 35 अडथळे ओलांडायचे. त्यातले 7 पाण्याच्या खड्ड्याचे. हर्डल्ससारखे हे अडथळे धक्का लागून पडत नाहीत. चूक झाली तर आपणच पडतो.

आता जरा इतिहास बघू. पुरुषांची 3000 मीटर स्टीपलचेज ऑलिम्पिकमध्ये 1920 पासून आहे. महिलांची कधी आली? 2008 मध्ये! ज्युदोचंही तसंच. पुरुषांसाठी 1964, महिलांना पदकं मिळायला लागली 1992 पासून. महिलांची कुस्ती तर 2004 ला आली. म्हणजे ललिता लहान होती तेव्हा तिचा खेळ ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. "आमच्या पोरींनी इतकी वर्षं काय केलं?" असं कोणी विचारलं, तर आधी या तारखा दाखवा. दारच बंद होतं.

दार उघडल्यावर ललितानं काय केलं ते बघा. 2014, इंचॉन आशियाई स्पर्धा: 9 मिनिटं 35.37 सेकंद, कांस्यपदक आणि राष्ट्रीय विक्रम. 2015, आशियाई अजिंक्यपद: सुवर्ण. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी आणि आठवा क्रमांक. मग 2016, रिओ. प्राथमिक फेरीत 9:19.76, पुन्हा नवा राष्ट्रीय विक्रम. 1984 मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत धावल्या होत्या. त्यानंतर 32 वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत पोचली होती.

अंतिम शर्यत 15 ऑगस्टला होती. ललिता दहावी आली, वेळ 9:22.74. कांस्यपदक 9:07.63 ला गेलं. फरक साधारण 15 सेकंदांचा. "थोडक्यात हुकलं" असं मी म्हणणार नाही, कारण 15 सेकंद या शर्यतीत पुष्कळ असतात. पण हेही बघा: इंचॉन ते रिओ, दोन वर्षांच्या आत तिनं स्वतःच्या वेळेतून साडेपंधरा सेकंद कमी केले होते. जेवढं अंतर पदकापासून राहिलं, जवळपास तेवढंच ती आधी कापून आली होती.

त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे ती राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाली.

मला एक गोष्ट खटकते. आपण पदकांच्या याद्या पाठ करतो आणि दहाव्या नंबरला विसरून जातो. माझंही तेच झालं होतं. या भागाची तयारी करेपर्यंत तिच्या वेळा मलाही सांगता आल्या नसत्या. पण पहिलं पदक येण्याआधी कोणीतरी पहिल्यांदा अंतिम फेरीपर्यंत जावं लागतं. मागून येणाऱ्या पोरीला तेव्हा कळतं, की तिथवर रस्ता जातो.

तर म्हसवडच्या ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: ज्युदोतलं ते नाव अजून रिकामं आहे. सरावाला जाताना हा भाग ऐक. आणि मॅटवर पडलीस तर उठ, बाकीचं नंतर बघू.

भेटू पुढच्या भागात!