हेमकुंडाची वाट

चुडाव्याहून गाडीत बसलं की लगेच नांदेड. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी तिथंच देह ठेवला. मागच्या जन्मी आपण सात शिखरांच्या हेमकुंडावर तप केलं, असं ‘बचित्र नाटका’त येतं. पण ते हेमकुंड कुठं? फौजेतले निवृत्त ग्रंथी संत सोहनसिंग हिमालयात शोधत फिरले. १९३४ साली पांडुकेश्वरच्या गावकऱ्यांमुळे ठिकाण सापडलं. चौदा हजार फुटांहून उंचावरचं हे तळं त्यांना ‘लोकपाल’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं!

शेजारच्या फुलांच्या दरीत १९३९ साली फुलं गोळा करताना जोन मार्गारेट लेग ही इंग्रज बाई कड्यावरून घसरून गेली. म्हणून जायचं तर पाऊस ओसरल्यावर, घांघरियाला मुक्काम करून. तळ्यावरून दुपारीच खाली उतरा. अन्‌ वाटाड्या तिथल्याच गावचा घ्या.