तृणमणी, जपमाळ आणि मुंगी

लोकरीवर घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याला तृणमणी म्हटले. रंग मधासारखा, वजन हलके, स्पर्श कोमट. दिसतो खड्यासारखा, पण असतो झाडातून पाझरलेली राळ. बाल्टिक समुद्राकाठी सापडणारा तृणमणी सुमारे साडेतीन ते साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यातला आहे.

हा दगड नव्हे, हे सांगितले त्याच्या पोटातील किड्यांनी. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास ‘जर्मानिया’ या ग्रंथात साधा तर्क मांडला : ज्याअर्थी सरपटणारे व पंखांचे जीव त्यात दिसतात, त्याअर्थी तो एके काळी पातळ, चिकट असला पाहिजे. किनाऱ्यावरील एस्टी लोक त्याचा काहीच उपयोग करीत नसत. त्याचे पैसे मिळतात याचेच त्यांना नवल वाटे, असेही तो नोंदवितो.

हजार-बाराशे वर्षांनी ते नवल भयात बदलले. तेराव्या शतकात ट्यूटॉनिक संघाच्या व्रतस्थ धर्मयोद्ध्यांनी प्रशिया जिंकला आणि किनाऱ्यावरचा सारा तृणमणी आपल्या मालकीचा ठरविला. कोळ्यांनी लाटांत उतरून तो जाळ्यांनी काढावा, अधिकाऱ्याकडे जमा करावा आणि मोबदल्यात मीठ घ्यावे. परस्पर विकला तर फास. माल जाई ब्रुझ व ल्यूबेक येथील जपमाळा घडविणाऱ्या कारागिरांकडे. ज्या मण्यांवर भाविकांनी प्रभूची प्रार्थना मोजली, त्यांपैकी किती मण्यांमागे फासाचे हे भय होते! आपल्याच इतिहासाचे हे पान आहे. ते मिटून ठेवण्यात अर्थ नाही. फाशीचा हुकूम देणाऱ्या एका अधिकाऱ्याचा आत्मा मरणानंतर किनाऱ्यावर भटकत, तृणमणी सर्वांना मोकळा आहे असे ओरडत असे, अशी दंतकथा तिकडे सांगतात. कोळ्यांचा न्याय निदान दंतकथेत तरी झाला.

१५२५ मध्ये संघाचे प्रमुख आल्ब्रेख्ट यांनी ल्यूथरपंथ स्वीकारला. जपमाळांची मागणी घटली, मक्तेदारी मात्र टिकली.

कीटकांकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहिले ते एल्बिंगच्या नाथानाएल सेंडेल या वैद्याने. ड्रेस्डेनच्या राजसंग्रहातील नमुन्यांचे वर्णन त्याने १७४२ मध्ये चित्रांसह छापले. तो संग्रह १८४९ च्या उठावात जळाला, ग्रंथ उरला. कीटकामुळे मण्याचा भाव वाढे, म्हणून लबाडीही आली. एका खड्यातील माशी लंडनच्या संग्रहालयात कोट्यवधी वर्षांची म्हणून मिरवत होती. १९९३ मध्ये उघडकीस आले की कोणी खडा कापून, पोकळी कोरून, आजचीच माशी आत बसविली होती.

आपल्या शेजारी, गुजरातेत सुरतजवळील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीतही पाच कोटी वर्षांहून जुना तृणमणी सापडतो. त्यातील शंभराहून अधिक जातींच्या कीटक-कोळ्यांची माहिती भारतीय, जर्मन व अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. भारतभूमी तेव्हा आशियाला भिडत होती. दीर्घ एकांतवासामुळे येथील जीव वेगळेच असतील, ही अपेक्षा फोल ठरली. त्यांची नाती युरोप-आशियातील कीटकांशी जुळली. हा तृणमणी द्रावकात विरघळतो, त्यामुळे काही कीटक सगळेच्या सगळे बाहेर काढता आले. ज्या झाडांची ती राळ, ती आपल्या साल वृक्षाच्या कुळातली.