पेटलेली गिटार आणि पूजलेलं लेथ

महानवमीच्या सकाळी बेंगळुरूच्या राजाजीनगरात कारखान्यांचा आवाज बंद असतो. लेथवरचा लोखंडाचा चुरा झाडून काढलेला असतो, तेलाचे ओघळ पुसलेले असतात. चकवर झेंडूची माळ, मोटरीवर हळदकुंकवाची बोटं, दाराशी केळीचे खुंट. रिक्षा, टेम्पो, दुचाकी यांच्या चाकांखाली लिंबं ठेवतात आणि पूजा झाली की कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर फोडतात. त्यावरून दुचाक्या घसरतात, म्हणून कोहळे रस्त्यात फोडू नका असं आवाहन शहरात होत असतं. तरी कोहळे फुटतात. कन्नड शेजारी या दिवसाला आयुधपूजा म्हणतात, मराठी घरांत ती खंडेनवमी.

चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, यांचं नाव घेतलेली ही वस्ती घरं आणि कारखाने शेजारी-शेजारी घेऊनच वाढली. मराठी माणसाला ती परकी वाटू नये असं एक कारणही इथे आहे. किर्लोस्करांनी १९४६ साली बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी उभी केली आणि तिच्या मोटरी याच औद्योगिक उपनगरातून बाहेर पडू लागल्या. ज्यांचं पोट टर्नर, फिटर, वाइंडर यांच्या हातांवर चालतं, अशा भागात हत्याराला पाय लागला तर माणूस वाकून नमस्कार करतो. घरातल्या तंबोऱ्याला किंवा पेटीला पाय लागला तरी तेच.

हे शहर रॉकचंही आहे. राजाजीनगरातून पूर्वेला मल्लेश्वरम ओलांडून गेलं की काही किलोमीटरवर पॅलेस ग्राउंड्स लागतं. तिथे २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स वाजवून गेले, २००७ मध्ये आयर्न मेडन, ३० ऑक्टोबर २०११ रोजी मेटॅलिका. जिमी हेंड्रिक्सच्या ‘पर्पल हेझ’ या गाण्याचं नाव लावलेला एक पबच या शहरात होता. गिटार शिकणाऱ्या मुलांच्या भिंतींवर ज्यांची चित्रं लागतात त्यांत हेंड्रिक्स हमखास. तो सप्टेंबर १९७० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. तरी इलेक्ट्रिक गिटारवर त्याच्याहून मोठा कोण, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. अशा मंडळींत कोणी म्हटलं की हा माणूस मला आवडत नाही, तर त्याला गाणं कळत नाही असं समजून विषय संपवला जातो. या नावडीमागे मात्र सतारवादक पंडित रविशंकरांसारखा माणूस उभा आहे, आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेण्याजोगं आहे.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे १६ ते १८ जून १९६७ असे तीन दिवस पॉप संगीताचा महोत्सव झाला. शेवटच्या दिवसाची दुपार रविशंकरांची. आपल्या आधी किंवा नंतर लगेच कोणी वाजवू नये, अशी त्यांची अट होती आणि ती पाळली गेली. तबल्यावर अल्लारखा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. मैफल सुमारे तीन तास चालली. डी. ए. पेनेबेकर यांनी या महोत्सवावर काढलेला चित्रपट याच वादनावर संपतो. कॅमेरा श्रोत्यांवरून फिरतो तेव्हा त्यांत हेंड्रिक्सही दिसतो, शांतपणे ऐकताना.

त्याच रात्री ‘द हू’ या बँडने मंचावर वाद्यांची मोडतोड केली. मग हेंड्रिक्स आला. त्याने ‘वाइल्ड थिंग’ वाजवलं, आपली स्ट्रॅटोकास्टर गिटार जमिनीवर ठेवली, तिच्यावर लायटरचं इंधन शिंपडलं, काडी लावली आणि जळती गिटार आपटून तिचे तुकडे केले. रॉकच्या इतिहासात याहून जास्त वेळा छापलेली छायाचित्रं थोडीच असतील. अमेरिकेत हेंड्रिक्सचं नाव झालं ते याच रात्रीपासून.

रविशंकर हादरले. पुढे अनेक मुलाखतींत त्यांनी हे सांगितलं, आणि सांगताना दोन गोष्टी कधी एकत्र केल्या नाहीत. हेंड्रिक्सच्या हातातलं कौशल्य त्यांना फार आवडलं होतं. त्याच महोत्सवातल्या जॅनिस जॉप्लिन आणि ओटिस रेडिंग यांच्या गाण्याचीही त्यांनी तारीफ केली. म्हणजे हा जुन्या वळणाच्या पंडिताने नव्या गोंगाटाला मारलेला शेरा नव्हता. त्यांना सोसवलं नाही ते वाद्य जाळणं. ज्या परंपरेत वाद्याला देवाचं अंग मानतात, तिथून आलेल्या माणसाला ते पाहवेना.

त्यांचं दुःख समजून घ्यायचं तर त्यांच्या सतारीकडे पाहावं लागतं. ती कलकत्त्याच्या नोडू मलिक यांनी बनवली होती. हे मलिक सतार घडवून थांबले नाहीत. परदेशच्या दौऱ्यांत ते रविशंकरांच्या मागे तंबोरा घेऊन बसत. वाद्य घडवणारा आणि वाद्य वाजवणारा एकाच मंचावर, हाताच्या अंतरावर. जे घडवताना ज्याला पाहिलं तो माणूस मागे बसलेला असताना ते जाळण्याचा विचार कोणाच्या मनात येईल?

महाराष्ट्रात हे नातं बघायचं तर मिरजेला जावं. तिथे सतार-तंबोरे घडवायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. फरीदसाहेब शिकलगार यांचं नाव या धंद्याचे मूळ पुरुष म्हणून घेतलं जातं. शिकलगारांचं पिढीजात काम तलवारी-भाल्यांना धार लावण्याचं, हत्यारं घडवण्याचं. संस्थानांची लढाई संपली, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा तेच हात वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग घडणीकडे वळले. भीमेच्या काठी, पंढरपूरच्या बाजूला पिकणारे मोठे भोपळे वाळवून आणायचे, तुनाच्या लाकडाची दांडी करायची, नक्षी काढायची, पॉलिश चढवायचं आणि शेवटी जवारी लावायची. घोडीचा माथा कणाकणाने घासून तारेचा नाद खुलवायचं हे जवारीचं काम केवळ कानाच्या भरवशावर होतं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले आणि त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीची उत्तम जाण होती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खंडेनवमीला शस्त्र आणि वाद्य एकाच पाटावर येतात. शिकलगारांच्या घरात तर ती दोन्ही एकाच हातून घडली.

इथे कोणी विचारील की हेंड्रिक्सची गिटार हाताने घडवलेली कुठे होती? फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आणली ती कारखान्यात, सुटे भाग जोडून. एक गेली तर दुसरी मिळते. पण राजाजीनगरातलं लेथही कारखान्यातच बनलेलं असतं. त्यावर क्रमांक असतो, तसलीच शेकडो लेथं दुसरीकडे फिरत असतात. टर्नर त्याला कुंकू लावतो ते एकमेव आहे म्हणून नाही. रोज आठ तास त्याच्यापाशी उभं राहिल्याने ते त्याचं झालेलं असतं. हेंड्रिक्सने ती गिटार आपल्या हाताने रंगवली होती, त्या अर्थाने ती त्याचीही झालेली होती. म्हणून तर ते जाळणं अधिक बोचतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो खुद्द हेंड्रिक्सचा. आपण जे जाळलं तो एक त्याग होता, ज्यावर प्रेम असतं त्याचाच त्याग करायचा असतो, असं तो म्हणाला होता. यज्ञात आहुती देणाऱ्या, दहा दिवस पुजलेला गणपती पाण्यात सोडणाऱ्या समाजाला हे बोलणं कळायला अवघड नाही. मात्र गणपतीची मूर्ती घडते तेव्हाच तिचं विसर्जन ठरलेलं असतं. माती पाण्यात जाते आणि वर्षाने पुन्हा येते. सतारीचं तसं नाही. ती जितकी वाजते तितकी खुलते, बापाकडून मुलाकडे जाते, फुटली तर मिरजेच्या गल्लीत येऊन दुरुस्त होते. शिवाय माँटेरेच्या अडीच महिने आधी, ३१ मार्च १९६७ रोजी, लंडनच्या ॲस्टोरिया थिएटरमध्ये हेंड्रिक्सने हाच प्रकार केला होता आणि त्याचा गाजावाजाही झाला होता. दुसऱ्यांदा केलेल्या त्यागात प्रेक्षकांचा हिशेब किती आणि प्रेम किती, हे विचारण्याचा हक्क रविशंकरांसारख्या श्रोत्याला नक्कीच होता.

रविशंकरांनी त्यानंतरही रॉकच्या मंचाकडे लगेच पाठ फिरवली नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये ते वुडस्टॉकला पावसात वाजवायला बसले. अल्लारखा तबल्यावर होते आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. चिखलात पहुडलेली ती लाखोंची नशेतली गर्दी पाहून त्यांना देशातल्या चिखलात बसलेल्या म्हशी आठवल्या, असं त्यांनी नंतर सांगितलं. वुडस्टॉकनंतर मात्र त्यांनी असे महोत्सव सोडले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी मैफल झाली, ती त्यांनीच बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला सांगून घडवलेली. तिथे वादनाआधी त्यांनी लोकांना धूम्रपान करू नका अशी विनंती केली. वाद्यं सुरात लावून झाल्यावर टाळ्या पडल्या, तेव्हा जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन अधिक आवडेल, असं ते हसत म्हणाले. लोकप्रियतेच्या ऐन भरात, ज्या श्रोत्यांनी डोक्यावर घेतलं त्यांच्याच तोंडावर नियम सांगायला धैर्य लागतं. हेंड्रिक्सविषयीची नावड त्यांनी याच धैर्याने आयुष्यभर जपली. तीत द्वेष नव्हता आणि मवाळपणाही नव्हता.

हेंड्रिक्सच्या भक्तांनी पुढे काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. ॲस्टोरियात जळलेली ती गिटार बऱ्याच वर्षांनी सापडली आणि २००८ मध्ये लंडनच्या लिलावात २ लाख ८० हजार पौंडांना विकली गेली. होरपळलेल्या त्या लाकडाला हात लावायला मिळावा म्हणून लोक धडपडले. वाद्याविषयीचा आदर त्यांच्याही मनात होताच. तो जागा झाला गिटार जळून गेल्यावर.

७ फेब्रुवारी २०१२ रोजी, मेटॅलिकाच्या कार्यक्रमानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी, एक्क्याण्णव वर्षांचे रविशंकर मुलगी अनुष्कासह पॅलेस ग्राउंड्सवर बसले. बेंगळुरूचा निरोप म्हणूनच ती मैफल जाहीर झाली होती, आणि भारतातलं त्यांचं ते शेवटचं वादन ठरलं. त्याच वर्षी ११ डिसेंबरला ते गेले.