गावची शाळा : पैसा कोणाचा, अधिकार कोणाचा?



मध्यंतरी मिरजगावच्या एस. टी. स्टँडवर मी नगरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी जवळच्याच एका वाडीवरचे वयस्क गृहस्थ येऊन टेकले. मी कॉलेजात शिकवतो हे त्यांच्या कानावर होतं. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर ते म्हणाले, “सर, आमच्या शाळेची एक खोली दोन पावसाळे गळतीय. ग्रामपंचायत म्हणते तालुक्याला सांगा, तालुका म्हणतो नगरला लिहा. पोरं कोरड्या कोपऱ्यात दाटीवाटीनं बसत्यात. मला एवढंच सांगा, ही शाळा आहे कुणाची?”

तेवढ्यात गाडी आली आणि उत्तर राहून गेलं. प्रश्न साधा वाटला, तरी त्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो आज आपल्यापुढे थोडक्यात मांडतो.

शाळेचा खर्च सरकार करते, अशी आपली समजूत असते. पण आपल्या भागातील शाळांचा पहिला नियमित पैसा रयतेच्या कनवटीतून आला. १८६३ साली मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसली. तिचे दोन हिस्से रस्त्यांसारख्या कामांना आणि एक हिस्सा शाळांना, अशी वाटणी होती. १८६९ च्या कायद्याने ती पट्टी पक्की झाली. तिलाच लोक ‘लोकल फंड’ म्हणू लागले. हिशोब करून पाहा. पंधरा रुपये सारा भरणारा कुणबी वर पंधरा आणे भरी आणि त्यांतले पाच आणे शाळेचे असत. पाऊस पडो न पडो, सारा तर द्यावाच लागे.

पैसा रयतेचा; मग अधिकार कोणाचा? तो होता १८५५ साली निघालेल्या सरकारी विद्याखात्याचा. मास्तर कोण नेमायचा, पगार किती, पुस्तके कोणती, हे सारे खाते ठरवी. दिपोटीसाहेब घोड्यावरून तपासणीला आले म्हणजे त्यांची सरबराई करायची, एवढेच गावाच्या वाट्याला.

ही गोष्ट महात्मा जोतीराव फुले यांना खटकली. १८८२ साली हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी करणारे कमिशन आले, तेव्हा जोतीरावांनी आपले निवेदन दिले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकरी रयत देते आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, मास्तरांचे पगार वाढवा आणि शक्यतो शेतकरी वर्गातून शिक्षक घ्या, असे त्यांचे मागणे होते.

१८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला. तालुक्याला एक आणि जिल्ह्याला एक बोर्ड आले, शाळांचा फंड त्यांच्या नावावर जमा होऊ लागला. तरी मास्तरांची नेमणूक आणि शाळांची देखरेख खात्याच्याच हाती राहिली. म्हणजे तिजोरी बोर्डाची, किल्ली साहेबाची!

सक्तीच्या शिक्षणासाठी नामदार गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात बिल आणले. ज्या नगरपालिकेला वा बोर्डाला झेपेल तिने आपल्या हद्दीत सक्ती करावी, इतकीच माफक सूचना त्यात होती. १९१२ साली ते बिल तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. पण विचार काही मेला नाही. १९१७ साली राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती करण्याचा अधिकार मिळाला. खेड्यांची पाळी आली ती १९२३ साली.

रँग्लर परांजपे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्या वर्षीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आणि त्यांनी निवडलेल्या स्कूल बोर्डांकडे सोपवला. शाळा उघडणे, मास्तर नेमणे, त्यांच्या बदल्या करणे, सक्तीची योजना आखणे, ही कामे आता लोकांच्या प्रतिनिधींची झाली. ‘बोर्डाची शाळा’ आणि ‘बोर्डाचे मास्तर’ हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी रुजले ते याच काळात.

त्याच १९२३ साली, ४ ऑगस्टला, रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशावर चालणारी किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य समाजाला खुल्या असाव्यात, असा तो ठराव. कागद चोख होता. पण महाडच्या तळ्यावर पाणी पिण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि पुष्कळ शाळांत अस्पृश्यांची मुले पुढेही वर्गाबाहेर किंवा वेगळी बसत राहिली. कायद्याने अधिकार दिला, तरी तो बजावून घेणारा कोणी असावा लागतो, हा धडा विसरून चालणार नाही.

बरं, बोर्डांच्या हाती अधिकार आल्यावर काय झालं? काही चांगलं झालं, काही वाईट. अधिकाराबरोबर पैसा पुरेसा आला नाही. पुढे मंदीचे दिवस आले, सरकारने हात आखडता घेतला आणि सक्तीच्या योजना बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिल्या. दुसरीकडे, नेमणुका आणि बदल्या यांत वशिला शिरल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. निवडणुकीत मदत केली नाही तर मास्तराची रवानगी लांबच्या वाडीवर, अशी धास्ती मास्तरांना वाटे. १९२९ साली हार्टोग कमिटीने तर सांगून टाकले की, स्थानिक संस्थांना अधिकार देण्यात सरकार फार पुढे गेले. १९३८ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने कायदा दुरुस्त करून बोर्डांच्या अधिकारांना लगाम घातला. १९४७ च्या नव्या कायद्यात डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्ड कायम राहिले, पण त्याचा कारभार पाहणारा शासनाधिकारी सरकारने नेमलेला असे.

त्या कायद्यात पालकांवरही कर्तव्य होते. सक्ती लागू असलेल्या गावात योग्य कारणाशिवाय मूल शाळेत घातले नाही, तर पालकाला दंड. म्हणजे दोषाचे बोट मुख्यतः आईबापांकडे होते.

स्थानिक मंडळांची ही कहाणी आपल्याच देशातली आहे असे नाही. इंग्लंडात १८७० च्या कायद्याने लोकनियुक्त स्कूल बोर्डे आली. पार्लमेंटसाठी मत देता येत नव्हते अशा काळात तिथल्या स्त्रिया लंडनच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या. तरी बत्तीस वर्षांनी, १९०२ साली, ती बोर्डे बंद करून त्यांची कामे कौंटी कौन्सिलांकडे दिली गेली. आपल्याकडेही तसेच झाले. १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा १ मे १९६२ पासून अंमलात आला. डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्डे संपली आणि शाळा जिल्हा परिषदेच्या झाल्या. तिथे शिक्षण समिती आली, शिक्षणाधिकारी आले. कारभार मोठा झाला. गावापासून मात्र तो लांबच राहिला.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो.

२००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीचा हा कायदा जुन्या कायद्याहून एका बाबतीत अगदी निराळा आहे. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून त्यात आहे, पण दंड नाही. उलट बहुतेक सगळा भार सरकारवर आणि स्थानिक संस्थेवर टाकला आहे. घराजवळ शाळा उपलब्ध करणे, हद्दीतील मुलांची नोंद ठेवणे, दुर्बल घटकांतील मुलांना भेदभावाची वागणूक मिळणार नाही हे पाहणे, ही संस्थेची कर्तव्ये ठरली. बोट आता दुसऱ्या दिशेला वळले.

इमारतीचे काय? सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, दर शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, हे कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेले आहे. तेव्हा गळकी खोली दुरुस्त होणे हा कोणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही. तो मुलांचा हक्क आहे.

आणि तो बजावून कसा घ्यायचा? त्यासाठी कायद्याने प्रत्येक सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते, आणि अनुदान देताना तो आराखडाच आधार धरावा असे कलम आहे. गळकी खोली त्या आराखड्यात लिहिलेली आहे का, हे आधी पाहा. नसेल तर बैठकीत विषय काढा, ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या, त्याची एक प्रत जवळ ठेवा. तरीही दाद लागली नाही, तर कोणाही माणसाला स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. त्यावर बालहक्क आयोगाकडे अपीलही आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. समितीची बैठक केवळ सह्यांपुरती उरकू नका. बोलणारा पालक अडचणीचा वाटतो खरा. पण खोली गळत असेल तर तोच तुमचा साक्षीदार असतो. आणि आईबापांनाही सांगणे आहे की, दिवसाचा रोज बुडतो म्हणून बैठक टाळू नका. बोर्डांच्या काळी अधिकार मोजक्या पुढाऱ्यांच्या हाती होता, म्हणून तो वशिल्यात वाया गेला. या वेळी तो शाळेच्या दारात, तुमच्याच मुलांच्या नावाने आलेला आहे.

तेव्हा शाळा कोणाची? १८६३ साली पाच आणे ज्यांनी भरले, त्यांच्या पणतवंडांची. जबाबदारी जिल्हा परिषदेची आणि सरकारची. आणि ती जबाबदारी पार पडते की नाही, यावर डोळा ठेवण्याचे काम तुमचे आमचे. ते गृहस्थ हे भाषण ऐकत असतील, तर त्यांनी समितीची पुढची बैठक केव्हा आहे ते उद्याच शाळेत जाऊन विचारावे.