शेरा: प्रगतीपुस्तकातून लॉगबुकात

वर्तकनगरहून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात गेलात, तर पांढऱ्या कोटातली मुलेमुली तुमची विचारपूस करताना दिसतील. ही महापालिकेच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाची विद्यार्थिमंडळी. त्यांना ‘लॉगबुक’ नावाची एक वही ठेवावी लागते. तिच्यात शिक्षक काय लिहितात याचा तुमच्या तब्येतीशी संबंध आहे. कसा, ते पाहूया.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. तेव्हापासून दीर्घकाळ विद्यार्थ्याचे मोजमाप मुख्यतः परीक्षेतल्या गुणांनी होई. वॉर्डात सर चुका दाखवत, पण तोंडी आणि बरेचदा चारचौघांत. अपमान लक्षात राही, चूक विसरली जाई.

१९८३ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॅक एंड यांनी ‘जामा’ या नियतकालिकात यावर महत्त्वाचा लेख लिहिला. ‘फीडबॅक’ हा मूळचा अभियंत्यांचा शब्द: झालेल्या कामाची माहिती यंत्राला परत द्यायची, म्हणजे पुढचे काम सुधारते. एंड यांचे म्हणणे असे, की फीडबॅक म्हणजे माहिती. तो निवाडा नव्हे. पुढे १९९५ मध्ये जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी ‘मिनी-सीईएक्स’ पद्धत मांडली. शिक्षकाने विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णाजवळ थोडा वेळ पाहायचे, नोंद करायची आणि लगेच सांगायचे.

भारतात २०१९ च्या एमबीबीएस तुकडीपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला. लॉगबुकच्या नमुन्यात ‘बी’, ‘एम’, ‘ई’ म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतके, अपेक्षेपेक्षा जास्त, अशी श्रेणी आहे. फीडबॅक मिळाल्याची विद्यार्थ्याची सहीही त्यात असते.

पण नुसत्या अक्षराने काय कळणार? शाळेच्या प्रगतीपुस्तकातला ‘अभ्यासात लक्ष द्यावे’ हा शेरा आठवा. पालकांनी सही केली, विषय संपला! आता हा शेरा वाचा: ‘खोकल्याचा इतिहास नीट विचारलास. पण स्टेथोस्कोप सदऱ्यावरून लावलास. त्याने बारीक आवाज निसटतात. उद्या उघड्या पाठीवर, दोन्ही बाजू आळीपाळीने ऐक.’ यात काय जमले, काय चुकले, उद्या काय करायचे, तिन्ही आहे.

असे चार ओळींचे शेरे लिहायला वेळ लागतो आणि गर्दीच्या वॉर्डात तोच नसतो. तरीही ते लिहिले गेले पाहिजेत. न सांगितलेली चूक विद्यार्थ्याबरोबर पदवी घेऊन बाहेर पडते आणि उद्या कुणाच्या तरी दवाखान्यात, कदाचित तुमच्याच गल्लीत, पुन्हा घडते.

म्हणून पुढच्या वेळी एखादी विद्यार्थिनी तुम्हाला तपासत असेल आणि सर बाजूला उभे राहून काही लिहीत असतील, तर पाच मिनिटे जास्त द्या. तुमचा उद्याचा डॉक्टर तिथेच घडतो आहे.