‘बहुजन हिताय’ म्हणणाऱ्या एसटीचे वेळापत्रक बहुजनांच्या हाती का नाही?

एसटी महामंडळाचे ब्रीद आहे ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. हे शब्द कुठून आले ते आपल्या वाचकांना सांगायला नको. बुद्धांनी पहिल्या साठ भिक्खूंना चारिकेला पाठवले तेव्हा त्यांच्यापुढे हेच ध्येय ठेवले होते. त्याच बुद्धांनी अखेरच्या दिवसांत आनंदाला सांगितले की तथागताकडे आचार्यमुष्टी नाही, म्हणजे शिकवण मुठीत झाकून ठेवलेली नाही. ब्रीद घ्यायचे असेल तर त्यासोबत ही उघडी मूठही घ्यावी लागते. आमचा प्रश्न एवढाच आहे: गाडी बहुजनांची, पैसा बहुजनांचा, मग गाडी कधी येणार, कुठून जाणार आणि आज रद्द आहे की नाही, ही माहिती मुठीत का?

हा प्रश्न आम्ही भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या निमित्ताने मांडतो आहोत. २०११ च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार होती आणि वेल्ह्याची सुमारे ५४ हजार. वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. राजगड, तोरणा, रायरेश्वर यांच्या कुशीत वाड्या-वस्त्या विखुरल्या आहेत. गाव एकीकडे, बौद्धवस्ती दुसरीकडे, कातकऱ्यांची आणि महादेव कोळ्यांची घरे त्याहून वर. पुणे-सातारा महामार्गावरून चेलाडी फाट्याला वळले की नसरापूरमार्गे वेल्हे, आणि कापूरहोळला वळले की भोर. फाट्यापर्यंत वाहने पुष्कळ. खरी अडचण फाट्याच्या आत सुरू होते. तिथे दिवसाला मोजक्या फेऱ्या. शहरात एक बस चुकली तर दुसरी येते. इथे एक चुकली तर मजुरी बुडते, दवाखान्याचा दिवस जातो, बारावीच्या मुलीचा तास हुकतो. म्हणजे गाड्या जितक्या कमी, तितकी माहिती जास्त मोलाची. प्रत्यक्षात मात्र जिथे गाड्या कमी तिथेच माहिती सर्वांत कमी पोचते.

माहिती आणि आपला समाज यांचे नाते जुने आहे, आणि ते विचित्र आहे. वतनदार महार गावाची आणि सरकारची माहिती पायांनी वाहून नेत असे. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, मयताची खबर देणे, वाटसरूला वाट दाखवणे, गावाची शीव सांगणे ही त्याची कामे होती. मुलखातली वाटन् वाट ज्याला ठाऊक, त्यालाच त्या वाटेवरच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. माहिती वाहणारे आपण आणि माहितीचे मालक दुसरेच, असा तो कारभार. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीविरुद्धच. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

बाबासाहेबांचा स्वतःचा १९०१ चा प्रवास आठवा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात तो आला आहे. साताऱ्याहून ही मुले रेल्वेने मसूरला उतरली. वडिलांना आगाऊ पत्र धाडले होते, पण न्यायला कोणी आले नाही. पत्र वडिलांच्या नोकराकडे येऊन पडले होते, त्याने ते त्यांना दिलेच नाही. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरची वागणूक बदलली. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, अशा अटीवर एकजण तयार झाला. या प्रसंगात जातीचा विटाळ आपण सगळे वाचतो. त्याच्या मुळाशी अडकलेले एक पत्रही आहे, ते आपण विसरतो. निरोप पोचला असता तर ती रात्र तशी गेली नसती. ज्याच्याजवळ सत्ता नाही, त्याला एक निरोप न पोचण्याची किंमत इतरांपेक्षा कितीतरी जास्त मोजावी लागते.

आता महाडकडे वळू. भोरहून हिर्डोशीमार्गे वरंधा घाट उतरला की महाड. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा नव्हे, रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला, असे नाव नीट लक्षात ठेवावे, कारण कागदावरचा हक्क म्हणजे काय हे त्या ठरावाने शिकवले. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून तळेही खुले केले. पण पाणी प्रत्यक्ष कोणी घेऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले, ते या कागदी हक्काला खरा करण्यासाठी. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयीन निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ चा मार्च आला.

तळ्यावर जाण्यापूर्वीची पद्धत काय होती? विहिरीपाशी मडके घेऊन उभे राहायचे आणि कोणीतरी दया येऊन वरून पाणी ओतेल याची वाट पाहायची. पाणी मिळत नव्हते असे नाही. ते मिळायचे, पण दुसऱ्याच्या मर्जीने मिळायचे. फाट्यावर उभ्या असलेल्या बाईची आजची स्थिती त्या यातनेइतकी भयंकर आहे असे आम्ही म्हणत नाही. पण रचना ओळखीची आहे. गाडी कधी आहे हे ती टपरीवाल्याला विचारते, वडापच्या जीपवाल्याला विचारते, आणि जीपवाल्याचे पोट गाडी न येण्यावर चालते. माहिती तिला मिळते, पण दुसऱ्याच्या ओंजळीतून.

एसटीचा जन्म मात्र वेगळ्या आशेतून झाला. दख्खनमधली संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यांत भोरच्या पंतसचिवांचे संस्थानही होते. तीन महिने होत नाहीत तोच १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. भोरची प्रजा नागरिक झाली आणि रस्त्यावर सरकारी गाडी आली, हे एकाच उन्हाळ्यात घडले. पुढे २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आला. बैलगाडीवाला जात विचारू शकत होता, एसटीचा कंडक्टर तिकीट विचारतो. एकाच बाकावर कोणीही कोणाशेजारी बसतो. आम्ही एसटीवर टीका करतो ती हे मोल जाणूनच. मुलींना शाळेसाठी मोफत पास, २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट, या सवलती गरिबाच्या घरात थेट पोचतात. पण गाडीची वेळच माहीत नसेल तर निम्म्या तिकिटाचा उपयोग काय?

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७२ मध्ये टप्पा वाहतुकीच्या परवान्याला घालता येणाऱ्या अटी दिल्या आहेत. मंजूर वेळापत्रकाच्या प्रती गाडीत आणि ठरलेल्या थांब्यांवर लावणे ही त्यांतली एक अट. मग आला माहिती अधिकार कायदा, १२ ऑक्टोबर २००५ पासून. लोकांना अर्जच करावा लागू नये इतकी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून द्यावी, असे त्याचे कलम ४ सांगते. ती स्थानिक भाषेत आणि त्या भागात पोचेल अशा मार्गाने द्यावी, आणि त्यासाठी फलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, इंटरनेट ही साधनेही कायद्याने सांगितली आहेत. म्हणजे वेळापत्रकासाठी दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज करायला लावणे हेच कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे.

योगायोग असा की त्याच २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ट्रायमेट या सार्वजनिक बससेवेने आपले मार्ग, थांबे आणि वेळा गूगलला दिल्या. त्यातून जीटीएफएस नावाचा साचा तयार झाला. यात जादू काही नाही. थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा यांचे काही साधे तक्ते, ते कोणीही उतरवून घ्यावेत आणि वापरावेत. २०१८ मध्ये कोची मेट्रोने आणि दिल्लीच्या परिवहन विभागाने अशी माहिती खुली केली. शहरांना जे मिळाले ते वेल्ह्याच्या वाडीला का नको? एसटीकडे माहिती नाही असे नाही. प्रत्येक फेरीचे नियोजन आगारात लिहिलेले असते. सहा किलोमीटरचा एकेक टप्पा आणि त्याचे भाडे तिकीट यंत्रात भरलेले असते. जे यंत्राला ठाऊक आहे ते प्रवाशाला ठाऊक असू नये?

यावर तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला, ‘गावकऱ्यांना वेळा तोंडपाठ असतात.’ कोणत्या गावकऱ्यांना? ज्याचे घर रस्त्याला लागून, ज्याची ऊठबस पारावर, त्याला असतील. डोंगरावरच्या कातकरी कुटुंबाला, नव्याने नांदायला आलेल्या सुनेला, हंगामी मजुराला नसतात. ‘गावाला माहीत आहे’ म्हणताना वस्ती गावात धरली जाते का, हा आपला शंभर वर्षांचा प्रश्न आहे.

दुसरा, ‘गाड्या वेळेवर सुटतच नाहीत, वेळापत्रक लावून फसवणूक होईल.’ उलट आहे. वेळ लिहिलेलीच नसेल तर उशीर सिद्ध कसा करणार? लिहिलेली वेळ हा नागरिकाच्या हातातला पुरावा असतो. तो नको म्हणूनच फलक कोरे राहतात.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. ‘भारमान नाही, फेरी परवडत नाही.’ गाडी कधी येते हे माहीत नसल्याने लोक वडापने जातात. म्हणून गाडी रिकामी धावते. रिकामी धावते म्हणून फेरी बंद होते. मग कागदावर लिहिले जाते की प्रवासीच नाहीत. आधी माहिती अडवायची आणि मग गरज नसल्याचे सांगायचे, हा न्याय नव्हे. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपानंतर हे जास्त नीट समजून घेतले पाहिजे. चालक-वाहक आपलेच भाऊबहीण आहेत, त्यांच्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणार नाही. फेरी का रद्द झाली हे उघड असेल तर प्रवाशाचा राग खिडकीवरच्या वाहतूक नियंत्रकावर न निघता गाड्या आणि माणसे कमी ठेवणाऱ्यांपर्यंत जाईल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक फाट्यावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तिथून जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा रंगवाव्यात. सुटण्याच्या ठिकाणची वेळ पुरेशी नाही, या थांब्याची वेळ हवी. मुक्कामी गाडी सकाळी किती वाजता निघते हे वस्तीतही लागले पाहिजे. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे आधी भिंत, मग ॲप. सर्व आगारांची वेळापत्रके मराठीत, खुल्या साच्यात, विनामूल्य संकेतस्थळावर ठेवावीत. वरंधा घाट पावसाळ्यात अवजड वाहतुकीला बंद होतो, तेव्हा कोणत्या फेऱ्या रद्द आणि कोणत्या वळवल्या हे त्याच दिवशी जाहीर व्हावे. आणि दर महिन्याला मार्गवार किती फेऱ्या ठरल्या, किती धावल्या आणि भारमान किती, हे आकडे प्रसिद्ध करावेत.

आपल्या कार्यकर्त्यांनाही काम आहे. ग्रामसभेत हा विषय कार्यसूचीवर घ्या. कलम ४ चा उल्लेख करून ठराव करा आणि त्याची प्रत आगाराला, विभाग नियंत्रकाला द्या. पोचपावती जपून ठेवा. महाडचा १९२४ चा ठराव नुसता ठरावच राहिला होता, तो खरा करायला माणसे चालत गेली, हे ध्यानात असू द्या. आपल्या पूर्वजांनी दुसऱ्यांची टपाले वाहिली. आपली माहिती आता आपल्या भिंतीवर आली पाहिजे.

जय भीम!