टाळ्या न मिळणारे भाषण

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचा विषय निघाला, की जो तो आचार्य अत्र्यांपासून सुरुवात करतो. शिवाजी पार्कचे मैदान त्यांनी हसवले आणि पेटवले, हे खरेच. पण मला नवल वाटते ते एस. एम. जोशींचे.

२० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली; दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबारात १५ जण ठार झाले. अशा घायाळ शहरापुढे बोलायला उभे राहायचे! ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट डांगे, समाजवादी एसेम, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, अशी एरवी आपसांत भांडणारी मंडळी एका व्यासपीठावर आली. आधी अमरशेखांचा पहाडी आवाज मैदान भरून टाकी. (शाहिरांना इतिहासकार एका ओळीत आटोपतात, मीही तेच करतो आहे!) मग अत्रे प्रतिपक्षाची रेवडी उडवीत. आणि त्याच तापलेल्या श्रोत्यांना समितीचे सरचिटणीस एसेम शांतता राखायला सांगत. टाळ्यांच्या हिशेबात हा व्यवहार तोट्याचाच.

त्याचे मोल दिसले ३० नोव्हेंबर १९५७ ला. पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला निघाले, तेव्हा पसरणीच्या घाटात हजारो माणसे काळी निशाणे घेऊन उभी होती. घोषणांनी घाट दणाणला. निदर्शने मात्र शांततेने पार पडली आणि माणसे आपापल्या गावी परतली.